मागच्या काचेवरचं नाव

ऋषिपंचमीला बेबाबाई बैलाच्या कष्टाचा दाणा तोंडात घालत नसत. तरी त्या दिवशी पहाटेपासून त्या मागच्या पडवीत खापरावर मांडे टाकत बसल्या होत्या. पोटात नुसता घोटभर चहा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणात. धुळ्याचे अमृतआप्पा आपल्या नातीसाठी, ऋतिकासाठी, घर पाहायला येणार होते. खानदेशात घर पाहायला आलेले पाहुणे मांडे खाऊन गेले तर सोयरीक ठरली म्हणून समजावं. नुसतं पाणी पिऊन उठले तर पुढचं विचारायला जाऊ नये.

ओसरीत गणपती कालच बसला होता. त्याच्यासमोर घरातली तीन पुरुषमाणसं, बेबाबाईंचे यजमान तोतारामआबा, मुलगा अभिमन आणि धाकटे दीर कौतिकनाना, बसली होती आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"शेवटचं विचारतो, आबा," अभिमन म्हणाला. "घ्यायची का नाही?"

तोतारामआबांनी वात पुढे सरकवली. ती चांगली जळत होती, सरकवायचं काही कारण नव्हतं.

"आबा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय मी."

"बारा दिवस ऐकताय. आता दोन तासांत पाहुणे दारात येतील आणि पहिलं विचारतील, गाडी कुठंय."

गाडी मांगीलालशेठची होती. जळगावात शेठची डाळमिल. आबांच्या शेतातली तूर आणि हरभरा गेली तीस वर्षं त्याच मिलमध्ये जात होता. शेठच्या घरवाली गुलाबबाईंचे गुडघे धरले, त्यांना गाडीच्या उंच पायरीवर चढवेना, म्हणून शेठनं ती सात शिटांची पांढरी गाडी विकून टाकायची ठरवली. बाजारात न लावता आधी आबांना निरोप पाठवला. गाडी तुमच्या घरात गेली तर मला बरं वाटेल, असा. वर म्हणाला, आधी चार दिवस चालवून बघा, मग बोलू.

यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. माणूस जिथं घसरतो तिथली जमीन बहुतेक वेळा अशीच सपाट असते.

चालवून बघायचे ते चार दिवस, आणि त्यातल्याच एका दिवशी नवीनसाठी मुलगी पाहायला धुळ्याला जायचं होतं. नवीन अभिमनचा मुलगा, आबांचा एकुलता नातू. जळगावला पाइपच्या कंपनीत नोकरी, वय एकोणतीस. याआधी दोन ठिकाणी नकार आलेला. एका ठिकाणी तर मध्यस्थानं तोंडावर सांगितलं होतं, पोरगा चांगला आहे हो, पण दारात मोटरसायकल आणि ट्रॅक्टर, आजकाल मुलीवाले बघतात. तो ओरखडा घरात सगळ्यांना लागला होता, नवीनपेक्षाही जास्त अभिमनला. म्हणून मग गाडी धुळ्याला न्यायची ठरली.

निघायच्या दिवशी सकाळी आबांचा धाकटा भाऊ कौतिक गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "दादा, मागच्या काचेवर हे बघितलं का?"

मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'जय जिनेंद्र' लिहिलेलं होतं.

"मग काय झालं?" आबा म्हणाले होते.

"मग काय! गळ्यात तुळशीची माळ आणि गाडीवर जय जिनेंद्र. धुळ्याचे पहिल्या झटक्यात विचारतील, कोणाची मागून आणली म्हणून."

आणि त्यानंतर जे झालं ते आबा बारा दिवस आठवत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते स्वतःच घरात गेले. खुंटीवर टाळांची पिशवी होती. त्या पिशवीत, गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात महाराजांनी काल्याच्या कीर्तनानंतर टाळकऱ्यांना वाटलेलं 'राम कृष्ण हरी'चं भगवं स्टिकर जपून ठेवलेलं होतं. चांगल्या जागी लावायचं म्हणून वर्षभर न लावलेलं. ते त्यांनी आणलं, मागचा कागद सोलला, आणि सोनेरी अक्षरांवर नीट बसवलं. कडा उठू नये म्हणून अंगठ्याच्या नखानं घासून दाबलं. घासताना मनाशी म्हणाले, देवाचंच नाव आहे, कुठंही लागलं तरी पावनच करेल.

पन्नास वर्षं ज्यांनी कीर्तनात महाराजांच्या मागं उभं राहून टाळ वाजवला, ध्रुपद धरलं, त्यांना ते नाव पडद्यासारखं वापरायला जेमतेम एक मिनिट लागलं.

धुळ्याला अमृतआप्पांनी गाडीभोवती हौसेनं चक्कर मारली. आप्पा जुने माळकरी, बोलणं सगळं अहिराणी. मागची काच वाचून त्यांचा चेहरा फुलला. "आबा, तुमनी तं गाडीबी माळकरी शे!" म्हणाले. मग विचारलं, "कधी लिधी?"

अभिमन पटकन बोलून गेला, "झाले की चार महिने."

आबा हसले.

ते बोलले नाहीत, नुसतं हसले. त्यांना वाटलं होतं, खोटं अभिमन बोलला. पण परतीच्या वाटेवर पारोळं मागं पडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की अभिमनचं बोलणं आप्पांनी ऐकलं होतं, आणि आपलं हसणं पाहिलं होतं. विश्वास त्यांनी हसण्यावर ठेवला होता.

एरंडोलजवळ पेट्रोल पंपावर थांबून आबांनी स्टिकर काढलं. ते निघालं, पण एकटं निघालं नाही. खालचं 'जिनेंद्र' त्याच्याबरोबर सोलून आलं. काचेवर राहिलं नुसतं 'जय' आणि पुढे डिंकाचा एक मळकट पट्टा. गाडी मिलमध्ये परत गेली, अभिमननं किल्ली देताना "विचार करून सांगतो" म्हटलं. त्यानंतर शेठचं पर्युषण सुरू झालं आणि तिकडून एक शब्द आला नाही.

"सरळ घेऊन टाकू," अभिमन आता म्हणत होता. "गेल्या दिवाळीआधी लावलेली कांदेबागेची केळी दोन महिन्यांत निघेल. शेठ काही पैशासाठी घाई करणारा माणूस नाही. एकदा गाडी दारात आली की बोललेलं खरं झालं. संपला विषय."

"घ्यायची काय घाई आहे?" कौतिकनाना म्हणाले. "आजच्या दिवस मागून आण ना, बापा. पाहुणे गेले की परत नेऊन दे. हाय काय न नाई काय!"

"पुन्हा?" मागच्या पडवीतून आवाज आला.

बेबाबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांवर मांडा पसरलेला, पातळ, आरपार दिसेल असा. तो फाटू नये म्हणून त्या हात हलवत नव्हत्या.

"पुन्हा म्हणजे?" त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा काय सांगितलं होतं तुम्ही धुळ्याला?"

बेबाबाई त्या दिवशी धुळ्याला गेल्या नव्हत्या. त्यांना एवढंच माहीत होतं, की शेठची गाडी नेली.

"अभिमन, मी विचारते तुले."

"सांगितलं आपली आहे म्हणून," अभिमन भिंतीकडे बघत म्हणाला. "काय करू माय? तिसऱ्यांदा नकार घेऊन येऊ?"

"आणि तुम्ही?" त्यांनी आबांकडे पाहिलं. "तुम्ही होते ना तिथं?"

"होतो," आबा म्हणाले.

"सांगून टाका आज," बेबाबाई म्हणाल्या. "ते आल्या आल्या सांगून टाका. मांडे व्हायच्या आत."

"अक्का, असं कसं सांगायचं?" नाना उसळले. "आम्ही खोटारडे आहोत, या बसा, असं?"

"तसंच आहे तर तसंच."

"माय, तुला कळत नाही. प्रश्न नवीनच्या आयुष्याचा आहे!"

"म्हणूनच म्हणते." त्यांच्या हातावरचा मांडा मधोमध फाटला. त्यांनी तो तसाच गोळा केला आणि आत गेल्या.

नवीन जिन्याच्या पायरीवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. एकदा मात्र त्यानं मान वर करून आबांकडे पाहिलं. आबांना ती नजर ओळखीची वाटली. कीर्तन रंगात येतं, महाराज चरणाच्या टोकाशी येऊन थांबतात आणि मागं वळून टाळकऱ्यांकडे बघतात, आता तुम्ही उचला म्हणून, तशी. आबांनी ती नजर चुकवली.

"लाव फोन शेठला," ते अभिमनला म्हणाले. "सांग, घेतो म्हणून."

म्हणजे त्यांनी ठरवलं, ते असं. गाडी चांगली आहे का, घराला लागते का, झेपते का, यातल्या एकाही कारणानं नव्हे. हसणं झाकायला.

फोन शेठच्या मुलानं, पारसनं उचलला. "पप्पा घरी नाहीत. काल पर्युषण संपलं, संवत्सरी झाली ना, आज सकाळी आठ दिवसांचा उपास सोडला आणि निघाले. क्षमापनेला, क्षमा मागायला. जुने सगळे शेतकरी, हमाल, व्यापारी, एकेकाच्या घरी जातात ते. फोन घरीच विसरलेत."

अभिमननं फोन खाली ठेवला. "आता?"

"आता काय," नाना म्हणाले, "गाडी गॅरेजला टाकली म्हणायचं. मी सांगतो. तुम्ही दोघं नुसतं गप बसा. गप बसायला तर जमतं ना दादाला?"

आबांनी वात पुन्हा पुढे सरकवली.

अकराच्या सुमाराला धुळ्याची जीप आली. अमृतआप्पा, त्यांचा मुलगा आणि एक मेहुणा, असे तिघं. आप्पांनी आधी गणपतीसमोर हात जोडले, मग आबांच्या गळ्यात पडले. दोन माळकरी भेटतात तसे दोघं एकमेकांच्या पायांशी वाकले. वाकताना आबांना वाटलं, वर उठूच नये.

"बठ्ठं बरं शे ना?" आप्पांनी विचारलं.

"बरं आहे. तुमच्या कृपेनं."

"पांडुरंगनी कृपा, आबा. आमनी कसानी?"

घर बघून झालं. विहीर बघितली, गोठा बघितला, नवीनची वरची खोली बघितली. आप्पांना सगळं आवडत होतं. पडवीत जाऊन त्यांनी खापराकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "अक्का, असा मांडा आते धुळामा कोनी करत नही." बेबाबाईंनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. आप्पांना वाटलं, लाजल्या.

ओसरीत परत येऊन बसल्यावर आप्पांनी तांब्यातलं पाणी प्यायलं आणि अंगणाकडे नजर टाकली. "आबा, तुमनी ती माळकरी गाडी दिसत नही?"

"गॅरेजला आहे," कौतिकनाना म्हणाले. इतक्या सहज, की आबांनाही क्षणभर खरं वाटलं. "जळगावला. ब्रेकचं काहीतरी काम होतं. परवा येईल."

"हां हां," आप्पा म्हणाले. "ब्रेकनं काम टाळू नही."

नवीन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आबा." एवढंच. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

पाटपाणी घ्यायला अभिमनची बायको पुढे झाली. ताटं मांडली. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. वळण घेऊन पांढरी गाडी अंगणात आली आणि जीपच्या शेजारी उभी राहिली.

आप्पा खुशीत उठले. "उनी का गॅरेजमाईन! बरं जयं, देखाले तरी भेटनी."

पुढच्या दारातून आधी शेठकडे वीस वर्षं असलेला ड्रायव्हर उतरला, साठीला आलेला रुपचंद. त्यानं मागचं दार उघडून हात दिला. मांगीलालशेठ उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा. आठ दिवसांच्या निराहार उपासानं गाल आत गेलेले, ओठांवर साल धरलेली. उतरले ते हात जोडूनच उतरले, आणि ओसरीकडे बघत पायऱ्या चढू लागले.

पहिल्या पायरीवर ते थबकले. अनोळखी पाहुणे, मांडलेली ताटं, भिंतीला पाठ लावून उभा अभिमन, आणि कौतिकनाना, जे आप्पांच्या पाठीमागून दोन्ही हातांनी काहीतरी खुणावत होते.

"गाडी लयी आले का शेठजी?" आप्पांनी मोठ्या आवाजात विचारलं. "तुमनं गॅरेज शे का?"

शेठ डाळीच्या धंद्यात माणसं वाचत म्हातारे झालेले. मूठभर दाणा तळहातावर घेतला की ढिगाची ओल सांगणारे. त्यांनी एकदा आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"हां," शेठ म्हणाले. जीभ कोरडी होती, शब्द अडखळला. "गाडी आबांचीच आहे. मी... नुसता घेऊन आलो."

मग ते वर आले, आबांसमोर उभे राहिले आणि वाकले. "आबा, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं माझ्याकडून काही दुखावलं असेल तर क्षमा करा."

दरवर्षी येत आणि दरवर्षी हेच म्हणत. आबा दरवर्षी त्यांचे खांदे धरून म्हणत, काय शेठ, तुम्ही आणि मला दुखवणार? मग दोघं हसत, शेठ उकळलेलं पाणी मागून पीत आणि पुढच्या घरी जात.

आज आबांना खांदे धरता येईनात. आठ दिवस या तोंडात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. सगळं धुऊन, पुसून, कोरं करून हा माणूस आज सकाळी घराबाहेर पडला होता. आणि कोऱ्या तोंडावरचा पहिला डाग आपल्या अंगणात पडला, आपल्यासाठी, न मागता. आबांनी किती कीर्तनं ऐकली होती. देव भक्ताघरी राबतो, भक्ताची लाज राखतो, त्या कथांना ते हमखास रडत. लाज राखून घेणाऱ्याला काय वाटत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

"आप्पा," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "आप्पा, गाडी आमची नाही."

"दादा!" नाना म्हणाले.

"कौतिक, बस खाली. आप्पा, गाडी शेठची आहे. चालवून बघायला दिली होती आम्हाला, त्यात आम्ही धुळ्याला आलो. चार महिने झाले ते खोटं. गॅरेज खोटं. शेठ आत्ता बोलले तेही खोटं, पण ते माझं आहे, त्यांचं नाही."

अभिमननं डोळे मिटून घेतले.

आप्पा उभेच होते. त्यांना राग आला नव्हता, निदान दिसला नाही. ते पायऱ्या उतरून गाडीच्या मागं गेले. मागच्या काचेशी थांबले. 'जय', आणि पुढे मळका पट्टा. त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"मंग ते नाव?" त्यांनी विचारलं. "ते कोनी लावं व्हतं?"

कौतिकनाना मागून घाईनं म्हणाले, "ते आपलं असंच, पोरांनी..."

"मी लावलं," आबा म्हणाले. ते अनवाणी अंगणात उतरले होते. "खाली शेठच्या देवाचं नाव होतं. त्यावर मी आपल्या देवाचं लावलं. माझ्या हातानं."

आप्पांचा हात आपल्या गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथंच राहिला. गाडीचं खोटं त्यांनी बहुधा गिळलं असतं. लग्न जमवताना माणसं थोडंफार वाढवून सांगतात, त्यांनीही कुठं सांगितलं असेल. पण हे त्यांना गिळवेना. बराच वेळ त्यांनी आबांकडे बघितलं, आणि त्या बघण्यात शिवी नव्हती हे आबांना शिवीपेक्षा जड गेलं.

"आमी निंघतस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मांडे..." बेबाबाई दारात आल्या होत्या.

"अक्का, तुमना मांडासले नाव ठेवाले जागा नही. पन आज घास उतरावु नही." ते जीपकडे वळले. मग थांबून म्हणाले, "घर जाईसन पोरीले इचारसूत."

जीप गेली.

पहिला अभिमन बोलला. "झालं समाधान? केलं पोराचं वाटोळं?" "खोटं मी बोललो होतो ना? माझ्यावर ढकलायचं होतं. तेवढं तर करायचं. ते स्टिकर तुम्ही लावलं हे कोणी विचारलं होतं?"

"आप्पांनी विचारलं," आबा म्हणाले.

अभिमन आत निघून गेला. नाना पायात चपला अडकवत पुटपुटले, "पन्नास वर्षांचं कीर्तन नेमकं आजच अंगात आलं," आणि तेही गेले.

अंगणात शेठ आणि आबा राहिले. आबा त्यांच्या पायांशी वाकायला गेले. शेठनं धरलं.

"नको, आबा. आज मी मागायचं असतं."

"तुमच्या काचेचं नाव मी उखडलं, शेठ. बारा दिवस गप बसलो."

शेठ रुपचंदकडे बघून हळूच म्हणाले, "मला वाटलं धुताना रुपचंदनं घासलं. चार लोकांत बोललो मी त्याला. देवाच्या नावाची किंमत नाही तुला, म्हणालो. तो नाही नाही म्हणत राहिला. संवत्सरीच्या तोंडावर."

रुपचंद बॉनेटला टेकून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आबा त्याच्याकडे गेले. त्यांनी नुसते हात जोडले.

"जाऊ द्या आबा," रुपचंद म्हणाला. "सकाळी निघताना शेठनं माझ्यापासूनच सुरुवात केली. पहिली क्षमा मला मागितली." आणि मान वळवून तो आरसा पुसू लागला. आरसा स्वच्छ होता.

आबांच्या मनात आलं, म्हणजे शेठनं नकळत झालेल्याचीही क्षमा मागून टाकली होती, आणि आपण केलेलं उराशी धरून बसलो होतो.

"गाडीचं मग?" शेठनं थोड्या वेळानं विचारलं. धंद्यासाठी नव्हे, काहीतरी साधं बोलायचं म्हणून. "तुमची इच्छा असेल तर अजूनही..."

"नाही घेत, शेठ. सकाळी घेणार होतो. पारसला विचारा, फोन केला होता. पण ही गाडी दारात उभी राहिली तर ती काच मला रोज वाचावी लागेल. कोणा चांगल्या माणसाला द्या. फक्त एक करा. काचेवरचं नवं नाव मी आणून देतो, जळगावात मिळतं तिथून. ते तुमच्या हातानं लावा. मला लावायला सांगू नका."

शेठनं मान हलवली.

बेबाबाईंनी ओसरीतून हाक मारली. "शेठ, आमच्या घरचं तुम्ही कधी खाल्लं नाही. मांड्यात कांदा नाही, लसूण नाही. तुमच्याच मिलच्या डाळीचं पुरण आहे. दूध गरम आहे."

शेठ कधी कुणाकडे जेवत नसत, नेमाचे पक्के. ते आबांकडे बघत राहिले, मग आतल्या ताटांकडे. पाहुण्यांसाठी मांडलेली, तशीच पडलेली. "रुपचंद," ते म्हणाले, "चल, हात धू."

ते दोघं जेवले. बेबाबाई वाढत होत्या, आणि स्वतः त्यातला कण खाऊ शकत नव्हत्या. त्यांनी आबांचं ताट केलं नाही, आणि आबांनीही मागितलं नाही.

संध्याकाळी आबा विहिरीच्या काठावर बसले असताना नवीन आला. जरा अंतर ठेवून बसला. आबांनी ठरवलं होतं, तो जे बोलेल ते ऐकायचं.

"माफ कर बापा," तेच आधी म्हणाले. "तुझं लगीन मोडलं मी."

"मोडलं का नाही, माहीत नाही." नवीननं मोबाइल हातात फिरवला. "आबा, ऋतिकाला माहीत होतं."

"काय?"

"गाडीचं. त्या दिवशी आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं होतं ना, तेव्हाच सांगितलं मी. म्हटलं, खाली जी गाडी आहे ती आमची नाही. ती हसली. म्हणाली, बरं झालं सांगितलं."

आबांना वाटलं, आता काहीतरी हलकं वाटेल. वाटलं नाही.

"मग तिनं आप्पांना का नाही सांगितलं?"

"तिनं विचारलं होतं, घरी सांगू का म्हणून." नवीन विहिरीत बघत होता. "मी म्हटलं, नको. आमचे आबा स्वतः सांगतील. तू बघ, घरी पोहोचायच्या आत फोन करतील ते तुझ्या आजोबांना."

पाण्यावर एक पान फिरत होतं. आबांनी ते थांबेपर्यंत पाहिलं.

"त्या रात्री तिनं मेसेज केला, सांगितलं का? मी म्हटलं, उद्या सांगतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तिनं विचारणं बंद केलं."

घरातून झांज वाजली. आरतीची वेळ झाली होती. गेली चाळीस वर्षं या घरात आरतीचा पहिला सूर आबांचा असे. ते लावत आणि मग गल्ली भरून आवाज उठे. दोघं आत आले. अभिमन निरांजन घेऊन उभा होता, डोळे सुजलेले. शेजारची चार माणसं जमली होती. सगळ्यांनी सवयीनं आबांकडे पाहिलं.

आबांनी टाळ हातात घेतले. तोंड उघडलं. देवासमोर उभं राहून, देवाचंच नाव घ्यायला, त्यांना आवाज फुटेना.

नवीननं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं सूर लावला.